टिटवं कुणी धरलं?

विश्रांतवाडीला आळंदी रस्त्याच्या कडेला सोजरबाईंचा म्हशींचा गोठा होता. नवरा गेला तेव्हा मुलगी शकू रांगत होती. मी त्यांच्या खोलीत भाड्यानं राहणारी शाळामास्तरीण. पहाटे धारा काढून येरवड्यापर्यंत दुधाच्या किटल्या वाहणारी ही बाई कुणाला भीत असेल, असं मला वाटलं नव्हतं. पण थोरले दीर बजरंगराव दारात आले की पदर कपाळाखाली यायचा. दिराशी थेट बोलायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. दीर हातभर अंतरावर बसलेले, आणि ह्या मला म्हणायच्या, "बाई, त्यांना म्हणावं चहा घ्या." मला हसूही यायचं आणि चीडही.

शकूचं लग्न ठरलं निवृत्त शिक्षक आप्पासाहेबांच्या मुलाशी. हे सत्यशोधक घर. गंज पेठेतल्या महात्मा फुल्यांच्या स्मारकात, त्यांच्या वाड्यातच लग्न करायचं. भटजी नाही, कन्यादान नाही, मुलीचा हात तिची आई देईल, असं त्यांनी सुचवलं. भटजी नसल्याचं बजरंगरावांना फारसं दुःख नव्हतं. पण विधवेनं पुढं व्हायचं?

"मुलगी मी आन् मथुरा देणार," त्यांनी बजावलं. मथुराबाई म्हणजे त्यांची बायको. "न्हाईतर भावकीतलं कुणी मांडवात दिसायचं न्हाई."

शकूचा हात स्वतःच्या हातानं द्यायचा, एवढीच सोजरबाईंची इच्छा होती. ती त्यांनी मला गोठ्यात सांगितली. दिरापुढं अवाक्षर नाही.

एका रविवारी आम्ही सगळे जागा बघायला गेलो. आज सोक्षमोक्ष लागणार हे वाड्यात पाऊल टाकतानाच उघड होतं. आप्पासाहेब विहीर दाखवत होते, खोल्या दाखवत होते. बजरंगराव प्लॉट बघायला आल्यासारखे हात मागं बांधून फिरत होते, आणि सोजरबाई सगळ्यांच्या मागं.

आवारात तुळशी वृंदावन दिसलं, तशी मथुराबाईंनी हळदीकुंकवाचा करंडा काढला. सोजरबाईही हात जोडायला पुढं झाल्या.

"बाई, तिला म्हणावं मागं हो," बजरंगराव मला म्हणाले. "आधी सवाशीण."

सोजरबाई मागं सरल्या.

"अहो, ही नुसती तुळस नाही," आप्पासाहेब म्हणाले. "ही समाधी आहे. खाली जोतीरावांच्या अस्थी आहेत."

मथुराबाईंचा हात तसाच राहिला. आपली चूक झाकायला बजरंगरावांनी गावच्या माणसाला सुचेल तोच प्रश्न विचारला. "असं? मग टिटवं कुणी धरलं?"

टिटवं म्हणजे विस्तवाचं मडकं. ते धरून जो प्रेतापुढं चालतो, तो वारस. धाकट्या भावाचं टिटवं बजरंगरावांनीच धरलं होतं आणि त्या दिवसापासून त्या घरात त्यांचा शब्द अखेरचा होता.

"मुलगा दत्तक. भाऊबंद आडवे आले," आप्पासाहेब सांगू लागले. "तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं धरलं. अग्नीही त्यांनीच दिला."

"बाईनं?" सोजरबाईंनी विचारलं.

"होय. त्यांच्या बायकोनं."

सोजरबाई वृंदावनाकडं बघत राहिल्या. मग त्यांनी पदर मागं सारला.

"भावजी," त्या म्हणाल्या, आणि मथुराबाई दचकल्या. "तुमी ह्यांचं टिटवं धरलं, तवा मला दोघींनी घरात धरून ठेवलं व्हतं. म्या मागितलं न्हाई. मागता येतंय हेच ठावं नव्हतं. आता मागते. पोरीचा हात मीच देणार."

बजरंगराव माझ्याकडं वळले. "बाई, तिला सांगा—"

"त्यांना कशापायी? मी हितं हाय."

त्यांचा चेहरा लाल झाला. आता हे हात उगारतात की काय, अशी मला धास्ती वाटली. पण ते हलले नाहीत.

"एकटी पडशील."

"एकटीच हाय की, तवापासनं."

ते निघून गेले. मथुराबाई करंडा कमरेला खोचून त्यांच्यामागं गेल्या.

लग्नाला भावकीतलं कुणी आलं नाही. मुलीकडची म्हणून आम्ही शेजारी आणि दुधाची गिऱ्हाइकं. सोजरबाईंनी शकूचा हात हातात घेतला आणि तशाच उभ्या राहिल्या. माणसं चुळबुळायला लागली. मला रडू आवरेना.

"ताई, द्या आता," आप्पासाहेब हळूच म्हणाले.

"देते की," त्या म्हणाल्या. "जरा धरू तरी द्या."