नोट चालवणारी पोट्टी

आमच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत, टीव्हीच्या बाजूला, जेवणाच्या डब्याएवढा एक काळा डबा असायचा. मागून एक विजेची वायर, एक इंटरनेटची, आणि समोर हिरवा दिवा. दिवा विझला की माझा जीव खालीवर व्हायचा आणि आई म्हणायची, "तुया डब्याले ताप आला वाटते." त्या डब्यापायी माझ्या बापाची तेहतीस वर्षांची नोकरी जाता जाता राहिली. राहिली म्हणते खरी. पुरती राहिली का, ते मला अजून माहीत नाही.

डब्यात काय होतं ते आधी सांगते, नाहीतर तुम्हीही आमच्या कॉलनीसारखे भलतंच समजून बसाल. इंटरनेटवरचं एक चलन आहे. त्याची सगळी नोंद कुठल्या बँकेत नसते. जगभर हजारो लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरवर तिची नक्कल असते, आणि हे सगळे कॉम्प्युटर एकमेकांना सारखं विचारत राहतात, तुझ्याकडेही हेच आहे ना, तुझ्याकडेही हेच आहे ना. अशा प्रत्येक कॉम्प्युटरला नोड म्हणतात. आमचा काळा डबा म्हणजे तसला एक नोड. अशी दुसरीही चलनं आहेत, पण त्यांत कोणी कोणाला काय दिलं ते साऱ्या जगाला दिसतं. या चलनात दिसत नाही. व्यवहार खरा आहे एवढं कळतं, माणसं कळत नाहीत. ते चालवणारं सॉफ्टवेअर कोणा शेटजीचं नाही. ते उघडं ठेवलेलं असतं, कोणीही वाचावं, चूक दाखवावी, दुरुस्त करून द्यावी. मी त्या दुरुस्त करणाऱ्यांतली एक. दिवसा पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करायचं, ते आटोपलं की हे.

लोक विचारतात, लपवायला कशाला पाहिजे, चोरांचीच सोय ना ती? या प्रश्नानं माझं डोकंच फिरतं. अरे, तुमच्या न्हाणीघराला दार आहे ते काय तुम्ही चोर आहात म्हणून? मी भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या स्टाफ क्वार्टर्समध्ये वाढलेली आहे. इथे एकाच्या घरी नवा कुलर आला की तिसऱ्या ब्लॉकमध्ये त्यावर चर्चा होते. माझं लग्न मोडणार हे मला कळायच्या आधी बाजूच्या क्वार्टरला कळलं होतं, आणि खोटं नाही सांगत, तिथूनच मला कळलं. माणसाची एखादी गोष्ट त्याच्यापाशीच राहावी, असं सॉफ्टवेअर कोणीतरी बनवतंय म्हटल्यावर मी त्यात उडी मारली, यात नवल काय!

बाबा इथल्या सरकारी दारूगोळ्याच्या फॅक्टरीत आहेत. तिथे ते नेमकं काय बनवतात हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. मोबाइल गेटवर जमा करायचा, संध्याकाळच्या बसनं घरी यायचं, हातपाय धुवायचे आणि गप्प बसायचं, असा त्यांचा जन्म गेला. आजोबा आसगावकडे दुसऱ्याच्या बांध्यांत धान लावत राबले. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर त्यांनी एकच धरलं, पोराले शिकवीन. बाबा शिकले, फॅक्टरीत लागले. आमच्या घराण्यातली ती पहिली पगाराची नोकरी, आणि नेमणुकीचं पत्र आजही पुढच्या खोलीत फ्रेम करून लावलेलं आहे. त्याच्या बरोबर खाली मी माझा डबा ठेवला होता. अक्कल शेण खायला गेली होती माझी, दुसरं काय म्हणू!

आईला मी शिकवलं, याला नोड म्हणतात. आई म्हणाली, "नोट."

"नोट नाही गं, नोड. डमरूचा ड."

"तेच तं म्हणून राहिली ना मी. नोट."

दोनदा सुधारलं, तिसऱ्यांदा हसून सोडून दिलं. ती विचारायची आणि मी सांगायची, माझ्याशी बोलायला घरात दुसरं होतंच कोण? चोवीस तास चालू ठेवावा लागतो, बाहेरच्या देशांतले लोक जोडलेले आहेत, कोणी कोणाला दिलं ते कोणालाच कळत नाही. ती भाजी निवडत मान हलवायची आणि मला वाटायचं, ऐकत नाही. ती शब्द न् शब्द ऐकत होती.

पोळा होऊन गेला होता. एका दुपारी बाबा घरी आले. बाबा दुपारी कधी येत नाहीत. बसचा आवाज आला की मी चहा ठेवते, असा आमचा नेम. त्या दिवशी ते पायी आले, छत्री हातात असून भिजलेले, आणि चपला न काढताच उभे राहिले.

"उद्या दहा वाजता सेक्युरिटीच्या साहेबानं बोलावलं. मले अन् तुलेबी."

"मला? काहून?"

"अर्ज आला म्हणे. कोनाचं नाव नाही त्याच्यावर. तू घरून काही चालवतं म्हणून. बाहेरच्या देशातल्या लोकाईसोबत."

माझे हात गार पडले. पुस्तकात लिहितात तसं नाही, खरंच गार पडले, आई म्हणाली ताप आला काय तुले. माझ्या डोक्यात एकच, सेक्युरिटीवाल्यांना चलनाचं कळलं. परदेशात असलंच सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना पोलिसांनी नेल्याच्या बातम्या मी वाचल्या होत्या. पैसे कोणाचे चोरले नव्हते त्यांनी, लिहिलं होतं फक्त. आपल्याकडे नोड चालवू नका असं कुठल्या कायद्यात मला सापडलं नव्हतं, सगळं धुंडाळून पाहिलं होतं मी. पण आमचं घर साधं घर नाही. तटबंदीच्या आतलं, दारूगोळ्याच्या फॅक्टरीचं क्वार्टर आहे ते. त्या क्वार्टरमधून एक डबा रात्रंदिवस कुठकुठल्या देशांतल्या अनोळखी कॉम्प्युटरांशी बोलतोय, आणि मला, एवढ्या शिकलेल्या बाईला, हा विचार एकदाही शिवला नव्हता. बाबांच्या रिटायरमेंटला चौदा महिने राहिले होते. आत्ता काढलं असतं तर नोकरी गेली, क्वार्टर गेलं, पेन्शनचंही काय झालं असतं देव जाणे.

बाबा कपडे बदलायला आत गेले तशी मी वायरी उपटल्या. हिरवा दिवा विझला. डब्यातली डिस्क लॅपटॉपला जोडून सगळं पुसून टाकलं, मग दुसऱ्यांदा पुसलं, आणि पुसून झाल्यावर कळलं की असं पुसतं कोण? चोरच पुसतो. मी डबा चादरीत गुंडाळून दिवाणात ठेवला, तिथून काढून धान्याच्या कोठीत ठेवला, तिथूनही काढला. आई दारात उभी राहून बघत होती. "काय झालं वं?" असं दोनदा म्हणाली. मी खेकसले, "तू गप राय ना!"

मग मला नावाची आठवण झाली.

या कामात जो तो टोपणनावानं वावरतो. एकजण घुबड आहे, एकाचं नाव म्हणजे नुसता आकडा. त्या घुबडानं मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं की खरं नाव घालू नकोस. मी ताठ्यात उत्तर दिलं होतं, मी काही चोरी करत नाही. ते अर्धंच खरं होतं. लग्न झालं तेव्हा माझ्या नावाच्या मधलं बाबांचं नाव गेलं आणि तिथे नवऱ्याचं आलं. आधार कार्डापासून गॅसच्या पुस्तकापर्यंत सगळीकडे. मोडल्यावर ते बाबांचं नाव परत आणायला मी भंडाऱ्याला किती चकरा मारल्या ते माझं मला ठाऊक. परत आलं तेव्हा मला कुठेतरी ते मिरवायचं होतं. म्हणून केलेल्या प्रत्येक दुरुस्तीखाली माझं पूर्ण नाव आहे. माझं, मग बाबांचं, मग आडनाव. एखाद्यानं बाबांचं नाव आणि आडनाव टाकून शोधलं तरी तिथेच येऊन पोचेल. आणि ते खोडता येत नाही. प्रत्येक बदलाची नोंद हजारो कॉम्प्युटरवर आहे, आणि ती कोणालाही मागून बदलता येत नाही याचाच आम्हाला अभिमान. मी तीन तास खटपट केली. प्रोफाइलवरून फोटो हटवला, गावाचं नाव काढलं. नाव निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. ऑफिसात साहेबांनी आम्हाला बसवलं, चहा मागवला. उत्तरेकडचे, वयस्कर, बोलायला गोड. त्यांनी चष्मा लावून अर्ज हातात घेतला.

"बेटा, सच सच बताओ. ये नोट आते कहाँ से हैं?"

"कौन से नोट, सर?"

त्यांनी वाचून दाखवलं. मुलगी घरून नोट चालवते. टीव्हीजवळच्या काळ्या डब्यावर चोवीस तास चालवते. बाहेरच्या देशांतले लोक तिला जोडलेले आहेत. कोणी कोणाला दिली ते कोणालाच कळत नाही.

मला हसू फुटलं, ते मी खोकल्यात दडपलं. खोट्या नोटा! कालच्या दुपारपासून, सारी रात्र मी मेल्याहून मेले, आणि यांना वाटतंय मी खोट्या नोटा खपवते! पण अर्जातलं प्रत्येक वाक्य माझंच होतं, मीच आईला सांगितलेलं. चुकलं होतं एकच अक्षर. आणि ते अक्षर सुधारायचं तर उरलेलं सगळं खरं आहे हे सांगावं लागणार होतं. नोट नाही साहेब, नोड. नोड म्हणजे? म्हणजे ज्याच्यात कोण कोणाला देतं ते दिसत नाही अशा चलनाचा कॉम्प्युटर, तुमच्या क्वार्टरमध्ये ठेवलेला. खोट्या नोटांचा आरोप त्यापेक्षा सोपा होता, नोटा सापडल्याच नसत्या.

तरी मी खरं सांगणार होते. शपथेवर सांगते, तोंड उघडलं होतं मी. "सर, वो नोट नहीं..."

बाबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "साब, लड़की कंपनी का काम करती घर से. इसकी माँ अनपढ़ है, समझता नहीं उसको. बोल दी होगी कुछ भी."

"और वो डिब्बा?"

"टीवी का है, साब."

डोळ्याची पापणी हलली नाही त्यांची. फॅक्टरीतली पेन्सिलसुद्धा कधी घरी न आणलेला माणूस! साहेब चष्मा काढत म्हणाले, आप कह रहे हैं तो ठीक है, बस लिखकर दे दीजिए. बाबांनी कोऱ्या कागदावर लिहिलं. घरात असं कोणतंही यंत्र नाही आणि नव्हतं. बाहेरच्या देशातल्या कोणाशी संबंध नाही. पुढे काही आढळल्यास जबाबदारी माझी. खाली पूर्ण नाव लिहून सही केली आणि कागद दोन्ही हातांनी पुढे सरकवला.

घरी पोचल्यावर मी आईवर धावून गेले. "कोणाला सांगितलंस तू? काय सांगितलंस?" ती घाबरून पदर चाचपत बसली. विहारात पावसाळ्यातल्या वर्षावासाचं ग्रंथवाचन झालं की बायका चहाला थांबतात, तिथे कोणी ना कोणी रोज विचारायचं, पोट्टी घरी येऊन बसली म्हणे?

"मंग मी सांगतलं, बसली नाही माही पोट्टी. नोट चालवते. साऱ्या जगात चालते तिची. मले काय मालूम बाप्पा, काय होते तं!" आणि ती रडायला लागली.

मी गॅस पेटवला आणि भात टाकला. तो अर्ज कोणी केला ते आजवर कळलेलं नाही. बिननावाचा होता. बिननावानं राहण्याच्या हक्कासाठी मी इंटरनेटवर लोकांशी तावातावानं भांडत आले, आणि आता रस्त्यानं जाताना प्रत्येक दारातली बाई मला ती अर्जवालीच वाटते.

बाबा जेवायला बसले. आदल्या दुपारपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. दोन घास खाल्ले, थांबले, आणि ताटाकडे बघतच म्हणाले, "तू जे करतं, ते चूक आहे असं मी म्हणत नाही. मले त्यातलं समजत नाही. मी लिहून देल्लं ते देल्लं." मग वर बघितलं. "फक्त एक सांग. त्याच्यात माहं नाव तं नाही ना कुठं?"

आई रडायची थांबली. मी वरणाचं भांडं हातात धरून उभी होते.

"नाही, बाबा," मी म्हणाले. "तुमचं कशाला असेल?"

"बरं झालं," ते म्हणाले, आणि भात मागितला. त्या दिवशी ते पोटभर जेवले.