जुन्या ब्रेकपॅडवर गोरेगाव ते वारंगा फाटा

...सडा टाकून झाला होता, शेळीची धार काढून दूध चुलीवर ठेवलं होतं आणि मी भाकरीचं पीठ मळायला बसले होते. तेवढ्यात अंगणातून ह्यांची हाक आली, "अगं, जरा बॅटरी धर इकडं." पिकअपचं पुढचं चाक काढून हे खाली मांडी घालून बसले होते. मी पिठाच्या हातानं बॅटरी धरली. जुने ब्रेकपॅड निघाले, नवे बसले. मी विचारलं, "हे किती दिवस जातील?"

"पायावर हाय," हे म्हणाले. "तापट पायाखाली सहा महिन्यांत खलास. सबुरीच्या पायाखाली दोन-तीन वर्षं."

तोवर दूध उतू गेलं होतं. बस, एवढीच ती सकाळ. पण ह्यांनी गाडीला स्वतःच्या हातानं केलेलं ते शेवटचं काम. पुढं दोन महिन्यांत हे गेले. छातीत कळ आली आणि दवाखाना गाठायच्या आत सगळं संपलं.

गाडी माझ्याकडं राहिली. चालवायला मला ह्यांनीच शिकवलं होतं, सोयाबीन निघालेल्या मोकळ्या रानात. लायसन होतंच. आता मी गोरेगावातल्या लोकांची हळद, सोयाबीन हिंगोलीच्या मोंढ्यावर विकायला नेते. मालासोबत येणाऱ्या रद्दीचे कागद वाचत वाचत मला वाचायची सवय लागली. लिहितेही आता, मोबाइलवर, रात्री भांडी झाल्यावर.

या वेळची खेप मात्र मालाची नव्हती. माझी लेक सुनीता वारंगा फाट्याच्या आतल्या एका गावात दिलेली आहे. तिला सातवा सरला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिला आणायला जायचं होतं. सगळे म्हणाले, भाड्याची कार करा. सुनीता फोनवर म्हणाली, "माय, मला बाबाच्या गाडीतच यायचं हाय." मग गाडीच न्यायची ठरली.

अडचण एकच होती. ब्रेक मारला की डाव्या चाकातून चर्र असा आवाज यायला लागला होता. पॅड झिजले की असा आवाज येतो, हे मला कळत होतं. ते कुणाच्या हातचे आहेत, हेही कळत होतं. म्हणून प्रत्येक वेळी मी म्हणायचे, ही खेप होऊ दे, मग बघू.

निघाले सकाळी. गोरेगावहून हिंगोलीचा रस्ता ठीक आहे, मधे मधे ठिगळं आहेत. थंडीचे दिवस, दोन्ही बाजूंनी हळदीची पानं पिवळी पडून आडवी होत होती. काढणीला आलेल्या हळदीच्या रानातून जाताना काच खाली करा, वास आत येतो. हिंगोलीत बसस्टँडजवळ भजे आणि चहा घेतला. चहा गोड मिळतो, कमी साखरेचा हवा तर आधीच सांगा.

मी सरळ वारंग्याला न जाता आधी औंढ्याला, नागनाथाच्या दर्शनाला वळले. हळद घेऊन वसमतला जाताना आम्ही कितीदा औंढ्यावरून गेलो असू. दर वेळी हे म्हणायचे, "गाडी भरेल हाय, पुढच्या खेपेला उतरू." या वेळी गाडी रिकामी होती.

औंढ्याच्या अलीकडं डोंगर लागतो. घाट म्हणावा एवढा नाही, पण उतार आहे. ज्या गियरनं चढलो त्याच गियरनं उतरायचं, ही ह्यांची शिकवण. दुसरा टाकून उतरत होते. वळणावर समोरून उसाची ट्रॉली आली आणि ब्रेकवर पाय द्यावाच लागला. चर्र नव्हे, आता खरखर आवाज आला, लोखंडावर लोखंड घासावं तसा. गाडी थांबली. ट्रॉली गेल्यावर मी पुन्हा दुसरा टाकून हळूच उतरले.

मंदिराजवळ गाडी लावायला जागा मिळते. बेल-फुलं विकणारी बाई म्हणाली, "गाडी तुमीच चालवून राहिल्या व्हय? मालक कुठं हाईत?"

"नाहीत," मी म्हणाले.

तिनं फुलांचा पुडा बांधला आणि त्यात एक जास्तीचं फूल टाकलं. पैसे तेवढेच घेतले.

नागनाथाचं दर्शन अरुंद पायऱ्यांनी खाली उतरून घ्यावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांनी घाई करू नये, मागचे ढकलतात. बाहेर आल्यावर काळ्या दगडावरची नक्षी सावकाश बघा, मंदिराला पूर्ण वळसा घाला. मी तिथं मागितलं एकच, लेक सुखरूप घरी येऊ दे. आणि तिथंच उभ्या उभ्या कळलं की हे देवाला सांगून भागणार नाही, गॅरेजवाल्यालाही सांगावं लागेल.

मुक्काम औंढ्यातच केला. यात्रेकरूंसाठी साध्या, स्वस्त खोल्या मिळतात, चादर आपली न्यावी. पिठलं, भाकरी आणि ठेचा पोटभर मिळाला.

दुसऱ्या दिवशी परत हिंगोली करून कळमनुरी, आखाडा बाळापूर, मग वारंगा फाटा. हिंगोलीतल्या गॅरेजांसमोरून जाताना पुन्हा म्हणाले, लेकीपर्यंत जाऊ दे, मग बघू. आतून जवळचा रस्ता आहे म्हणतात, पण अनोळखी रस्त्यानं मी एकटी जात नाही, तेही असल्या ब्रेकवर. अख्खा रस्ता गाडी हळूच ठेवली. मागचे हॉर्न वाजवून थकले.

लेकीच्या दारात गाडी थांबली ती बोंब मारतच. विहीणबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. पाणी द्यायच्या आधी म्हणाल्या, "विहीणबाई, लेक काय हळदीचं पोतं हाय व्हय, पिकअपमंदी टाकून न्यायला?"

"पुढं सीटवर बसंल की. मागं कशाला टाकू?"

"आन् त्यो आवाज कशाचा? वेशीपासून आयकून राहिले मी."

"ब्रेकचा."

विहीणबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "म्हंजी ब्रेकच न्हाई आन् सून घ्यायला आल्या. उद्या मी सोता येते गॅरेजात. माझ्या डोळ्यांदेखत दुरुस्त झाली तर पोरगी देते, न्हाईतर आमचा गडी कार घेऊन सोडंल."

सुनीता आतून म्हणाली, "मी कारमंदी येनार न्हाई."

"तू गप. दोन जिवांची हाईस."

रात्री मात्र त्याच विहीणबाईंनी मला आग्रह करकरून पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार. जेवताना भांडण काढायचं नाही, असा त्यांचा नेम दिसला.

सकाळी आम्ही तिघी पुढच्या सीटवर दाटीवाटीनं बसून, गाडी पायी चालल्यागत हळू काढत फाट्यावर गेलो. वारंगा फाट्यावर नांदेडकडं जाणाऱ्या ट्रकांची सारखी ये-जा असते, त्यामुळं टायर, वेल्डिंग, गॅरेज, चहा सगळं रस्त्याला लागूनच. अन्वरभाई म्हणून एक मिस्त्री आहेत, त्यांच्याकडं गाडी लावली. त्यांनी दोन्ही चाकं काढली.

"ये देखो ताई, डावीकडचा आतला पॅड पार संपला. लोखंड लागून राहिलं. पॅड ज्याच्यावर सरकतो ती पिन चिखलानं जाम झाली, म्हणून सगळा जोर त्याच्यावरच आला. उजवीकडचे बराबर हाईत."

मी विचारलं, "एरवी किती जातात हो हे पॅड?"

"रिकाम्या गाडीला, चांगल्या रोडवर, तीस-चाळीस हजार किलोमीटर आरामात. मालाच्या गाडीला वीस-पंचवीस समजा. चिखलातून, रानातून काढली की अजून कमी. आन् सस्ते पॅड टाकले तर ते दगडावानी होतात, डिस्क खाऊन टाकतात. आवाज आला की तवाच यायचं, ताई. तकलीफ गाडीला न्हाई, मानसाला होते."

उजवीकडचे पॅड मी हातात घेतले. त्यांची जाडी अजून चांगली होती. जेवढं झिजलं होतं, त्यात ह्यांनी मारलेले ब्रेक किती आणि मी मारलेले किती, कसं सांगणार? "हे उजवे राहू द्यायचे का? अजून हाय की त्यांच्यात."

"न्हाई ताई. दोन्हीकडचे संगंच बदलावे लागतात. एकीकडं नवे, एकीकडं जुने ठेवले तर ब्रेक मारला की गाडी एका अंगाला वढते. आन् तुमच्यासंगं ही लेक हाय."

मी पॅड हातातून सोडेना. विहीणबाई म्हणाल्या, "काहून हो, सोनं हाय का त्यात?"

सुनीता म्हणाली, "बाबानं बसवले होते ते."

 विहीणबाईंनी पदरानं बाकडं पुसलं आणि सुनीताला बसायला लावलं. मग मिस्त्रीला म्हणाल्या, "नवे चांगले टाका. हलके टाकताल तर याद राखा. आन् ते जुने टाकू नका, कागदात बांधून विहीणबाईंला द्या."

तास-दीड तासात काम झालं, पिनही साफ झाली. ज्यांना हे काम करून घ्यायचं असेल त्यांनी पॅडचं खोकं आपल्यासमोर फोडायला सांगावं. नवे पॅड बसवल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारायचा नाही, त्यांना डिस्कवर बसायला वेळ द्यायचा, असं अन्वरभाईंनी दोनदा सांगितलं.

विहीणबाईंनी सुनीताच्या ओटीत तांदूळ-नारळ घातले, तिथंच, गॅरेजच्या तेलकट जमिनीवर उभं राहून. गाडीला हात लावून म्हणाल्या, "हळू न्या. आन् पोचल्यावर फोन करा, इसरू नका." मग ऑटोत बसून गेल्या, मागं न बघता.

बाळापूर यायच्या आत लेक झोपली. डोकं माझ्या खांद्यावर, हात पोटावर. ब्रेकचा आवाज नव्हता. इतक्या महिन्यांनंतर गाडी गप्प झाली तर मला चुकल्यासारखं वाटत होतं. उन्हं कलायच्या आत गोरेगावला पोचलो आणि मी आधी विहीणबाईंना फोन केला.

कागदाचा पुडा मी कोनाड्यात ठेवला. वाटलं होतं, उघडून बघत बसेन. उघडला नाही. ह्यांनी बसवलेल्या पॅडवर माझी गाडी दोन वर्षं थांबत आली. आता तिला दुसऱ्यांवर थांबायचं आहे, आणि लेक माझ्या घरात निजली आहे. त्या रात्री मला एवढंच सुचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाला आला. चारही पॅड मी त्याच्या तराजूत टाकले आणि लेकीसाठी धपाटे लावायला आत गेले.