दहिवलीच्या पापडवाल्या आणि गरम हवेचा फुगा

उजाडायच्या आत रिक्षा दारात आली आणि विमलने माझ्या हातात नारळ ठेवला. "फुग्याला फोड आणि मग बस," म्हणाली. नव्या गाडीपुढे फोडतात तसा. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. नारळ, हळदकुंकू, उदबत्त्या आणि काडेपेटी पिशवीत घालून मी दहिवलीहून निघाले.

कशाला निघाले ते आधी सांगते. आम्ही बायका उन्हाळाभर पापड लाटतो आणि त्या कमाईतून थंडीत एक सहल काढतो. दर वर्षी देवदर्शन. कमळ आमची मुख्य. तिला डोंगरावरचाच देव लागतो, सपाटीवरच्या देवाला ती देव धरत नाही. विमलचे गुडघे गेलेत. म्हणून आम्ही वर दर्शनाला जातो आणि विमल पायथ्याशी आमच्या चपला राखते. यंदा खालापूरच्या पुढे माळावर गरम हवेचे फुगे उडायला लागले. विमल म्हणाली, "या उंचीला पायऱ्या नाहीत. यंदा मी वर जाणार." निम्म्या बायका तिच्या बाजूला, निम्म्या कमळच्या. फुग्यात बसायचं तर सहलीचे सगळे पैसे एका सकाळीत संपणार, म्हणून भांडण.

पापडाचं पीठ तयार झालं की आम्ही एकदम लाटायला बसत नाही. आधी एक पापड लाटायचा, भाजायचा, मीठ बघायचं, मग बाकीचे. तसंच ठरलं, आधी एक बाई फुग्यात घालून बघायची. मला निवडलं, कारण मी खोटी स्तुती करत नाही. माझ्या सुनेला विचारा. शिवाय कमळ म्हणाली, "हिचं सगळं करून झालंय, काही झालंच तर..." वाक्य पुरं व्हायच्या आत बाकीच्यांनी माना हलवल्या.

माळावर पोचले तेव्हा फुगा आडवा पडला होता. लग्नाचा मांडव वाऱ्याने झोपवावा तसा. मोठा पंखा लावून त्यात हवा भरत होते. शेजारी वेताची टोपली, आमच्या कोंबड्यांच्या डालग्यासारखी (कोंबड्या झाकायची पाटी), फक्त मोठी. आम्ही बसणारे चौघं. मुंबईचं एक नवीन लग्न झालेलं जोडपं आणि पुण्याचे एक साहेब. साहेबांचा चेहरा उतरलेला.

"बरं नाही का?" मी विचारलं.

"मुलीने वाढदिवसाला तिकीट दिलंय. नाही म्हणता येईना."

"माझंही तसंच. मला बायकांनी पाठवलंय."

फुगा चालवणारा राजस्थानचा. थोडं हिंदी, थोडं मराठी बोलायचा. त्याने आम्हाला ओळीत उभं करून शिकवलं. फुगा खाली टेकताना टोपलीला पाठ लावायची, दोर धरायचा आणि गुडघे वाकवून खाली बसायचं. "गुडघे वाकलेच पाहिजेत, आजी. नाही तर मोडतील." त्याने आमच्याकडून बसणं-उठणं करून घेतलं. मी बसले, उठले आणि मला विमल आठवली. ती पाटावर बसली तर दोघींनी धरून उठवावी लागते.

फुगा उभा राहिला तशी मी पूजेला लागले. टोपलीला हळदकुंकू लावलं. मग उदबत्ती लावायला काडी ओढली, आणि फुगेवाला असा किंचाळला की साहेब खालीच बसले.

"आजी! माचिस बुझाओ! गॅस है, गॅस!"

टोपलीत गॅसच्या टाक्या होत्या, ते मला काय ठाऊक. मी काडी विझवली, पण गप्प बसले नाही. "तू माणसाच्या उंचीपेक्षा मोठा जाळ काढतोस, तो चालतो. माझी एक उदबत्ती चालत नाही?"

"वो मेरी आग है, आजी."

"बरं. मग नारळ तरी?"

नारळ फोडायला माळावर दगड सापडेना. शेवटी त्यांच्याच जीपच्या लोखंडी हुकावर आपटला. खोबरं सगळ्यांना वाटलं. साहेबांनी दोनदा घेतलं, फुगेवाल्याने कपाळाला लावून खाल्लं.

आता टोपलीत चढायचं. टोपलीला दार नाही. बाहेरच्या अंगाला पाय घालायला भोकं ठेवलीत, त्यात पाय रोवून वर जायचं आणि काठावरून आत उतरायचं. जोडप्यातली मुलगी घट्ट पँटीत अडकली. मी नऊवारीत होते, कासोटा घातलेला, एका दमात वर. उतरताना मात्र साहेबांच्या पायावर उतरले. हे सगळं करताना मी मनात विमलला एकेका भोकात पाय घालायला लावत होते. ती पहिल्या भोकाच्या वर जात नव्हती.

फुगा उठला ते कळलंच नाही. धक्का नाही, हिसका नाही. माळच खाली गेला. वर थंडी असेल म्हणून मी स्वेटर आणि कानटोपी घालून गेले होते. पाय गार पडले आणि डोकं भाजलं, कारण तो जाळ बरोबर टाळूवर. कानटोपी काढून पिशवीत घातली. जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

खालचं सांगते. माथेरानचा डोंगर समोर, आणि पहिल्यांदाच तो मला वरून बघत नव्हता. पाताळगंगा धुक्यात, पलीकडे रसायनीच्या कारखान्यांचा धूर सरळ वर चाललेला. मुंबईवाल्यांचे बंगले, प्रत्येकात निळं तळं आणि एकातही माणूस नाही. मुंबई-पुण्याच्या जुन्या रस्त्यावरचे टेंपो मुंग्यांसारखे. जोडपं स्वतःचेच फोटो काढत होतं, पाठ डोंगराकडे. साहेबांचे डोळे मिटलेले. "उघडा की," मी म्हटलं, "मुलगी विचारेल." त्यांनी एक उघडला.

वर एक गंमत कळली. जाळ बंद असला की खालचं बोलणं स्वच्छ ऐकू येतं. एका वाडीवरून जाताना खाली दोघी भांडी घासत होत्या.

"सासूला म्हनलं, भाकर थापून ठेवली हाय, घ्या हातानं."

"मग?"

"मग काय, उपाशी बसली. ल्योक येईस्तवर जेवनार नाय म्हनते."

मला राहवेना. मी वरून ओरडले, "बसू दे उपाशी! दुपारपर्यंत आपोआप जेवते!"

दोघी उठून चारी बाजूंना बघायला लागल्या. वर कुणी बघेना. एक म्हणाली, "कोन गं ती?" दुसरी म्हणाली, "कोन का असंना, बरोबर बोलली."

मला इतकं हसू आलं. शेजारी बघितलं तर हे सांगायला कुणी नाही. विमल हवी होती. ती असती तर तिने त्या सासूचं माहेरसुद्धा विचारून घेतलं असतं.

लोधिवलीच्या अलीकडे फुगेवाल्याची नजर मोकळी जागा शोधायला लागली. त्याला सगळी हिरवळ सारखीच. मला वाल दिसले. आमच्याकडे भात काढलं की त्याच ओलीवर वाल टाकतात, आणि आता शेंगा भरल्या होत्या.

"अरे, पीक आहे त्यात!"

"हवा नहीं है आजी, उतरना पड़ेगा. बैठो, बैठो!"

बसलो. टोपली आपटली, उडाली, परत आपटली आणि आडवी झाली. मी साहेबांवर, मुलगी माझ्यावर. शेतातून एक बाई विळा घेऊन धावत आली.

"आभाळातून येताव काय रं माजे वाल तुडवायला! खाली रस्ता नाय दिसला?"

फुगेवाला हात जोडून "बहनजी, बहनजी" करायला लागला. जोडपं फोटो काढायला पिकात निघालं. मी तिथूनच दम दिला, "एक पाऊल टाकलंत तर तंगडी मोडीन. आहे तिथेच उभं राहा." सगळे उभे राहिले. त्या बाईने मला वरून खाली बघितलं.

"तू यांच्यातली का आमच्यातली गं, म्हातारे?"

"दहिवलीची. मला यांनी आणलंय."

"मग बस."

कंपनीची जीप आली, भरपाई बांधावरच चुकती झाली. मोडलेल्या शेंगांचं काय करायचं? तिने मडकं आणलं आणि पोपटी लावली (शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात घालून मडकं उपडं ठेवून भाजतात). पोपटी संध्याकाळची खायची, पण वाल मोडले सकाळी. साहेबांनी दोन्ही डोळे उघडे ठेवून खाल्ली. "हेच काय ते मुलीला सांगेन," म्हणाले.

परतीच्या रिक्षात बसले. एक सोपं उत्तर तोंडाशी आलं होतं. "काही अर्थ नाही, नुसता पैशांचा चुराडा," एवढं म्हटलं की झालं. कमळ खूश, विमलला वाईट वाटायचं कारण नाही. पण ते खोटं झालं असतं, आणि मला पाठवलं होतं ते खरं सांगायला.

विमलच्या ओट्यावर सगळ्या जमल्या होत्या. मी उभ्यानेच सांगितलं, "वर छान आहे. पैसे वसूल आहेत. आणि विमलला जाता यायचं नाही. टोपलीला दार नाही, आणि उतरताना गुडघे वाकवून बसावं लागतं."

कमळच पहिली म्हणाली, "चला, मग डोंगरावरचा देव ठरला."

"थांब गं," विमल म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज नेहमीचा. "दार का नाही?"

"मला काय विचारतेस?"

"तुला नाही. त्याला विचारते. नंबर दे."

फोन लावला, मोठ्या आवाजावर ठेवला. विमलने फुगेवाल्याला स्वच्छ विचारलं, ज्यांचे गुडघे वाकत नाहीत त्यांना तुम्ही वर नेत नाही काय. तो जरा अडखळला. मग म्हणाला, दारवाली टोकरी असते, आत बसायला खुर्ची आणि पट्टा. पण ती इकडे नाही, मालकाला सांगून मागवावी लागेल. "कोणी मागत नाही, ताई."

"मी मागतेय. मागवा," विमल म्हणाली आणि फोन ठेवला.

कमळ उसळली, "आणि ती आलीच नाही तर? आम्ही काय करायचं?"

"तर यंदा कुणीच कुठे जायचं नाही. सगळ्यांनी खाली बसून बघा, कसं वाटतं."

ज्यांना हे कबूल, त्यांना विमलने हात वर करायला सांगितले. एकेक करत सगळ्यांचे झाले, शेवटी कमळचाही. मला लोक अजून विचारतात, फुग्यात जावं का. जावं, पण दारवाली टोकरी येईपर्यंत गुडघे चांगले असतील तरच. मी जाऊन आलेली, तरी त्या दिवशी सगळ्यांत आधी हात माझा होता. वर गेले तेव्हा शेजारी बोलायला कुणी नव्हतं, ते मला पुन्हा नको.