चौकशीच्या दिवशी येणारं पाणी

"परत वाच," ओव्हरसियर साहेब म्हणाले.

मी परत वाचलं. "आमच्या नळाला दीड महिन्यापासून पाणी नाही. वरच्या गल्लीला रोज येतं. आम्ही पण माणसं आहोत."

"शेवटचं तेवढं परत."

"आम्ही पण माणसं आहोत."

खोलीत साहेब, एक नगरसेवक आणि नगरपालिकेची कामं घेणारे दोन गुत्तेदार. चहा चाललेला. मी उभा. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा नगरसेवक इतका हसला की बशीतला चहा त्याच्या धोतरावर सांडला. साहेबांनी मला विचारलं, "काय रे, खरं हाय का हे? तुला काय वाटतं?" सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आणि मीही हसलो.

दुसऱ्यांनी केलेला अपमान सगळेच सांगतात. मला आधी हे सांगायचं आहे. ती तक्रार माझ्याच वस्तीची होती, बौद्धवाड्याची. लिहिणारी गयामाय आमच्यापासून तिसऱ्या घरात राहायची. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात अक्षरं शिकली होती. दोन दिवस बसून तिनं तो कागद लिहिला, हे मला माहीत होतं, कारण पेन माझंच नेलं होतं. तरी मी हसलो. नोकरी जाईल या भीतीनं हसलो, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

मी तेव्हा आमच्या तालुक्याच्या गावी नगरपालिकेत रोजंदारीवर कारकून होतो. अक्षर चांगलं म्हणून घेतलेला. बारनिशी माझ्याकडे, म्हणजे आलेल्या-गेलेल्या कागदाला नंबर टाकायचा. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. वस्तीतली विहीर आटली, हापशातून नुसती हवा यायची. माझी माय कोसभर लांबच्या मळ्यात पाण्याला जायची. तिथं विहिरीला हात लावायचा नाही. मालकाचा सालगडी वरून ओतेल तेवढं खाली घागरीत धरायचं, आणि तो जेवायला बसला की उन्हात थांबायचं. मी मात्र कचेरीत माठातलं थंड पाणी पीत होतो.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. लोकांना वाटायचं, सरकार आता जवळ आलं. गयामायनंही म्हणूनच तक्रार नगरपालिकेत न देता थेट लातूरला धाडली, रजिस्टर पोस्टानं. ती वरून खाली कशी आली ते मी माझ्या टेबलावरून पाहिलं. जिल्हा कचेरीनं लिहिलं, "योग्य त्या कार्यवाहीसाठी". मुख्याधिकाऱ्यांनी खाली लिहिलं, "पाणीपुरवठा, चौकशी करून अहवाल द्या". पाणीपुरवठा म्हणजे ओव्हरसियर. तक्रार कोणावर? ओव्हरसियरवर. चौकशी कोण करणार? ओव्हरसियर. मी त्यावर नंबर टाकला आणि मुकाट्यानं त्यांच्याच टेबलावर नेऊन ठेवला.

साहेब म्हणाले, "तुझ्याच लोकांची हाय. तूच जा, पंचनामा करून आण."

पंचनामा त्यांनी तिथंच मला सांगून लिहून घेतला. "समक्ष पाहणी केली असता नळास पाणी सुरू असल्याचे दिसून आले. अर्जदाराची आता काही तक्रार नाही." खाली पाच अंगठ्यांची जागा मोकळी. पाहणी परवा होणार होती, पण पाहणीत काय दिसलं ते आजच माझ्या सुंदर अक्षरात तयार होतं.

परवा सकाळी नळाला खरंच पाणी आलं. पाणी सोडणाऱ्याला तसा हुकूम होता. बाया धावल्या. घागरी, डबे, परात, जे हाताला लागेल ते. माझी माय तर भरलेली घागर कवटाळून उभी राहिली. मी शाईचा पॅड काढला. गयामायनं विचारलं, "काय लिवलंय लेकरा?"

"पाणी आलं असं लिवलंय," मी म्हणालो.

ते खोटं नव्हतं. म्हणूनच ते सगळ्यात हलकट होतं.

माय म्हणाली, "पोरानं लिवलंय, मंग द्या अंगठे." तिनंच पहिला दिला. गयामायला सही येत होती, तिनं सही केली. तक्रार निकाली निघाली. दुसऱ्या दिवशी नळ कोरडा, तिसऱ्या दिवशी कोरडा. माय पुन्हा मळ्याची वाट चालायला लागली.

त्या दिवसांत मी जुन्या फायली उघडून बघितल्या. कोणाचा कशावरच विश्वास राहू नये असं त्यात भरलं होतं. तुंबलेली गटारं, बंद दिवे, सडलेला कचरा, आणि प्रत्येक फायलीत तोच पंचनामा. पाहणीच्या दिवशी गटार वाहतं, दिवा लागतो, पाणी येतं. माझ्याआधीच्या कारकुनाचं अक्षरही चांगलंच होतं.

गयामायनं दुसरी तक्रार धाडली. तीही त्याच वाटेनं त्याच टेबलावर आली. साहेबांनी पुन्हा मला बोलावलं, पुन्हा तेच लिहून घेतलं. पाहणीच्या सकाळी मी वस्तीत गेलो तेव्हा नळ धो धो वाहत होता, आणि एकही बाई पाणी भरत नव्हती. सगळ्या नळाच्या ओट्याभोवती उभ्या. दुष्काळात पाणी मातीत जात होतं आणि त्या बघत होत्या. मायच्या हातात घागर नव्हती.

तिनं मला विचारलं, "आज कोनाचा कागद हाय?"

मी पिशवीतून पंचनामा काढला. गयामाय म्हणाली, "वाच. समद्यांना ऐकू जाईल असं वाच."

मी वाचलं. 'काही तक्रार नाही' इथवर आलो आणि थांबलो. कोणी हसलं नाही.

"आमची तक्रार न्हाई, हे तुला कोनी सांगितलं?" गयामायनं विचारलं. "आमाला तर कोनी इचारलं न्हाई."

मला माझी किळस आली. मी तो कागद फाडला. पिशवीतून दोन कोरे कागद काढले, मधे कार्बन घातला आणि ओट्यावरच बसलो. नळ किती वाजता सुरू झाला ते बायांना विचारून लिहिलं. मागच्या पाहणीनंतर किती दिवस बंद होता ते लिहिलं. मागचा पंचनामा पाहणीआधी कचेरीत लिहिला होता, आणि तो मीच लिहिला होता, हेही लिहिलं. मग म्हणालो, "आता भरून घ्या. बंद होईपर्यंत मी हलत न्हाई."

दुपारच्या आत पाणी थांबलं. ती वेळ लिहिली. प्रत्येकीला पूर्ण वाचून दाखवलं आणि मगच अंगठे घेतले. मायनं शेवटी दिला. देताना माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला माझी खात्री वाटत नव्हती, आणि ते बरोबरच होतं.

कचेरीत गेलो. साहेबांकडे जाण्याआधी बारनिशी उघडली आणि त्या कागदाला नंबर टाकला. नंबर पडला की कागद आलाच नाही असं म्हणता येत नाही, त्यासाठी बारनिशीचं अख्खं पान फाडावं लागतं. मग एक प्रत मुख्याधिकाऱ्यांकडे दिली. दुसरी लातूरला धाडण्यासाठी खिशात ठेवली.

मुख्याधिकाऱ्यांकडून कागद साहेबांच्या टेबलावर आला, त्यांनी वाचला. आवाज चढवला नाही. "तुझ्या पोटापाण्याचं बघून तुला घेतलं होतं," ते म्हणाले. "उद्यापासून येऊ नको."

"तेवढं लिहून द्या," मी म्हणालो. "कारणासकट."

त्यांनी दिलं नाही. मी धाडलेल्या प्रतीवरून लातूरहून नगरपालिकेला खुलासा मागणारं पत्र आलं, असं नंतर कळलं. नळाला महिनाभर एक दिवसाआड पाणी आलं, मग पुन्हा बंद पडलं. ओव्हरसियर तेच, टेबल तेच. कोणाला शिक्षा झाली असेल तर ती मला झाली, आणि मायला, कारण घरात येणारा माझा पगार थांबला. ती मळ्यात जातच राहिली.

आज आसपासच्या गावांचे अर्ज मी लिहून देतो. देताना बजावतो. पोच घेतल्याशिवाय कागद हातातून सोडू नका. न वाचलेल्यावर अंगठा देऊ नका, वाचणारा पोटचा पोरगा असला तरी. आणि चौकशीला कोण आलं ते आधी विचारा. ज्याच्यावर तक्रार आहे तोच चौकशीला आला, तर त्याला दारात उभं करायचं, सही द्यायची नाही, आणि त्याच दिवशी त्याच्याविरुद्ध दुसरा अर्ज टाकायचा. तोही त्याच्याकडेच आला तर तिसरा. मी हात चालतो तोवर लिहिणार आहे.