रवंथ न करणारा बैल

म्हसा गावच्या जत्रेत बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकणारा एक माणूस भेटला. नाव विचारायचं राहिलं. ओठांत चार खिळे धरूनच तो बोलायचा आणि एकही पडायचा नाही.

मी तेव्हा पंधरा दिवसांच्या रजेवर होतो. ताण आहे, आराम कर, असं सगळे म्हणाले होते. चौदा दिवस आराम झाला तरी कशातच जीव रमत नव्हता. हातातला गरम शेंगांचा पुडाही तसाच राहिला होता.

एका शेतकऱ्याने बैल आणला. "दमलाय. डॉक्टर बोलला आजार नाय. आठ दिस बसवून ठेवलाय, तरी तसाच."

पत्र्या ठोकणाऱ्याने खूर पाहिलाच नाही. बैलाच्या जबड्यावर हात ठेवून तो थांबला.

"दमलेला बैल बसला का रवंथ करतो. ह्याचं तोंड हालत नाय. ह्याचं कामावरनं मन उडालंय. किती पण बसवा, उपेग नाय. जोडीदार बदलून बघा."

शेतकरी गेल्यावर मी तिथेच बसलो आणि त्याला सगळं सांगितलं. नऊ वर्षं तेच टेबल, त्याच तक्रारी.

"तुमचा जोडीदार कोण?" त्याने विचारलं.

मी साहेबांची नक्कल करून दाखवली. तो असा हसला की चारही खिळे खाली पडले.

रजा वाढवायची नाही, टेबल बदलून मागायचं, असं ठरवून मी उठलो. त्याने हातोडीने माझ्या पायाशी दाखवलं. तिथे टरफलांचा ढीग पडला होता.

"तुमचा रवंथ झाला चालू," तो म्हणाला.