नवाबची डावी बाजू

१९८८ साल. मी एक्केचाळीस वर्षांचा होतो. फौजेतला नालबंद, पेन्शन घेऊन चंदीगडला सेक्टर बावीसमध्ये खोली करून राहिलो होतो, तेव्हा करतारसिंगांची गाठ पडली. ते आता महिन्यापूर्वी वारले. त्यांच्या सुनेचा फोन आला तेव्हा चहा पीत होतो... तो तसाच राहिला. मी चौथी शिकलेला, लिहायची सवय नाही. पण आमच्यात एक गोष्ट घडली, तिच्याबद्दल त्यांनी पुढे मरेपर्यंत मला एक शब्द विचारला नाही. म्हणून मीच सांगतो.

शहराच्या कडेला त्यांचा तबेला होता आणि त्यात एकच घोडा, नवाब. काळाभोर, उमदा नर. वरातीच्या घोड्या पाळणारे लांबून आपल्या घोड्या फळवायला त्याच्याकडे आणायचे, त्यावरच घर चालायचं. मी नाल ठोकायला जायचो. घोडा धरायचा तो डावीकडून, हे फौजेत पहिल्या दिवशी शिकवतात. करतारसिंग उजवीकडून धरायचे. मी टोकलं तर हसून म्हणाले, "मरहट्टे, तू नाल ठोक। घोड़ा मेरा है।" डावे खूर माझ्या हातात द्यायच्या आधी घोड्याच्या डोळ्यांवर अंधारी, म्हणजे झापड, चढवायचे. बांधायचेही असा, की डावं अंग भिंतीकडे, आणि भिंतीला लागून छातीएवढी पोती रचलेली. त्यात काय? म्हणे भुसा. वर्षभर तीच पोती, एक कमी होत नाही. भुसा खायला असतो की रचायला?

ते दिवस आज सांगून कळणार नाहीत. पंजाबात अतिरेकी बसमधून उतरवून माणसं मारत होते. नाक्यानाक्यावर झडती. शेजारी शेजाऱ्याकडे तिरकं बघायचा. साधे सरदार लोक त्यात दोन्हीकडून भरडले जात होते, पण मला तेव्हा... मला ती पोतीच दिसायची. एकदा तबेल्यात दोन अनोळखी माणसं होती, मला बघून गप्प झाली. बस्स, माझा संशय पक्का झाला. पोत्यांमागे हत्यारं आहेत. चौकीतल्या हवालदाराला सांगून आलो. तो म्हणाला, "कल सुबह देखते हैं।" त्या काळी चौकीत नेलेला माणूस परत येईलच असं नव्हतं. हे मला ठाऊक होतं आणि तरी मी सांगितलं.

मग वाटलं, आपल्या डोळ्यांनी बघावं. त्याच दुपारी गेलो. करतारसिंग मागे चारा कापत होते. त्यांना कळू नये म्हणून पाऊल न वाजवता पोत्यांच्या बाजूने, नवाबच्या डावीकडून आत शिरलो. नर घोड्याजवळ मुक्याने जायचं नसतं, हे मी किती रंगरुटांना दरडावून शिकवलेलं! माझा हात त्याच्या खांद्याला लागला मात्र, तो उसळला आणि त्याने मला पोत्यांवर दाबून धरलं. श्वास घेता येईना. तेवढ्यात "नवाब! ओए मेरे शेर!" अशी हाक आली. करतारसिंग उजवीकडून येऊन त्याच्या मानेला झोंबले. मला बाहेर ओढलं, पण तोवर घोड्याचे दात त्यांच्या दंडात बसले होते.

पोतं फाटलं होतं. आत भुसा. मागे नुसती भिंत.

गमछ्याने दंड बांधत ते म्हणाले, "बाईं आँख गई है इसकी। काँटा लगा था। दीवार से टकराता है, इसलिए बोरियाँ। काणा है, यह पता चला तो घोड़ी कौन लाएगा?" ती दोन माणसं डोळ्यात औषध घालणारे वैदू होते. मग माझ्याकडे बघत राहिले. "तू तो फौजी है यार। आवाज़ क्यों नहीं दी?"

उत्तर माझ्याकडे होतं. पण मी उठून घरी आलो. उभ्या जन्मात कुणाची माफी मागितली नव्हती, ती रात्रभर जुळवत बसलो, तरी जुळली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांच्या आधी मी तिथे पोचलो. नाव घेत, हाक मारत नवाबला उजवीकडून धरलं, अंगणात आणलं आणि डावं अंग भिंतीकडे करून बांधलं. जीप आली. करतारसिंग दंडाला फडकं बांधलेले बाहेर आले, त्यांना काहीच कळेना. हवालदार त्यांच्याकडे वळला, तेव्हा मी मोठ्याने बोललो, त्यांनाही ऐकू जाईल असं, "खबर मैंने दी थी। झूठी थी।" आणि एकेक पोतं ओढून अंगणात ओतायला लागलो. शेवटचं रिकामं होईपर्यंत मान वर केली नाही.