मायचं बोलणं

"हे मराठी नाही."

मैथिली म्हणाली. इंग्रजीत म्हणाली, म्हणजे वर्गातल्या सगळ्यांना कळावं.

नऊ जण होतो आम्ही. इंग्लंडातलं विद्यापीठ, साहित्याचं शिक्षण, त्यातला हा भाषांतराचा वर्ग. प्रत्येकानं आपापल्या भाषेतला मजकूर आणायचा, आधी मूळ भाषेत वाचायचा, मग इंग्रजीत. मी माझ्या मायचं बोलणं नेलं होतं. इकडं यायच्या आधी मोबाईलवर रेकॉर्ड करून घेतलेलं. शब्द न् शब्द कागदावर उतरवलेलं. चार ओळी वाचल्या असतील नसतील, मैथिली हसली. मोठ्यानं नाही. नाकातून.

"म्हणजे, मराठीच आहे," ती प्राध्यापक बाईंना समजावून सांगू लागली, "पण अशिक्षित लोकांची बोली. ती 'न' आणि 'ण'सुद्धा चुकवतेय. माझं आजोळ तिकडचंच, बीडकडचं. लिंबागणेशजवळ आमची शेती आहे. आमच्याकडचे गडी असंच बोलतात. तिला चालत असेल तर मी हे शुद्ध करून देईन."

आमच्याकडचे गडी.

त्या खोलीत न आणि ण यातला फरक कळणारी माणसं दोनच. ती आणि मी. बाकी सात जणांना आणि बाईंना दोन्ही सारखेच. तरी सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. अंबाजोगाईवरून, पुण्यावरून, मुंबईवरून समुद्र ओलांडून मी एवढ्या लांब आले होते, आणि माझा न माझ्या आधी तिथं येऊन बसला होता.

बाई म्हणाल्या, "छान. दोघी मिळून करा."

आणि मी काय म्हणाले? मी थँक्यू म्हणाले. दोनदा.

हे सांगायला मला आजही लाज वाटते. पण सांगते. कारण ती सवय मला त्या दिवशी लागली नव्हती. आमचं गाव नांदूरघाटच्या अंगाला. मायबाप दिवाळी झाली की ऊस तोडायला जायचे, मी गावातल्या हंगामी वसतिगृहात राहून शाळा शिकायची. पाचवीत मी 'पानी' म्हणाले म्हणून सरांनी मला फळ्यापुढं उभं केलं आणि सगळ्या वर्गाला हसायला सांगितलं. खरंच सांगितलं. "हसा रे." मी त्या दिवसापासून शुद्ध बोलायला शिकले. इतकं शिकले की अंबाजोगाईला कॉलेजात गेल्यावर सुट्टीत घरी येऊन मायलाच दुरुस्त करायचे. "पिसवी न्हाई माय, पिशवी." ती बिचारी तसं म्हणून बघायची. जीभ वळायची नाही. मग गप बसायची.

मी माझ्या मायला गप बसवलेलं आहे. मैथिलीच्या आधी.

तर शुद्धीकरण सुरू झालं. मैथिली वाईट मुलगी नव्हती. मला कॉफी पाजायची, थंडीसाठी स्वतःचा कोट दिला होता. कागदावर लाल पेन चालवताना मात्र ती थांबायची नाही. मी शेजारी बसून मान हलवायचे.

मायनं सांगितलं होतं ते असं:

"पोटात दुकायलं म्हनून गेलते. डाक्टरनं हात लावला न लावला. म्हनला, पिसवी खराब हाय, काडा. न्हाई तं क्यान्सर हुईल. मुकादम म्हनला, बरंच हाय, पाळीचे खाडे तरी हुनार न्हाईत. मला कुनी इचारलंच न्हाई. वाढं छाटावं तशी माजी पिसवी काडून घेतली. तिसावं बी लागलं नव्हतं मला."

मैथिलीनं केलं ते असं:

"पोटात दुखू लागल्याने मी रुग्णालयात गेले. डॉक्टरांनी कर्करोगाचा धोका सांगितला. वैद्यकीय सल्ल्यानुसार मी गर्भाशय काढून घेतले. तेव्हा माझे वय तीसहून कमी होते."

ऊसतोडीला टोळी नेणारा मुकादम गेला. तो म्हणे वाचकाला गोंधळात टाकतो. वाढं, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, तेही गेलं. ती म्हणाली, "हे जरा भडक होतं गं." मी वाचलं. मला त्यात काही खटकलं नाही. उलट छापील पुस्तकासारखं वाटलं. माझी माय एवढी शहाणी बोलते, असं वाटून बरंसुद्धा वाटलं.

सत्राच्या शेवटी विभाग एक पुस्तिका काढायचा आणि तिच्यातलं जाहीर वाचन व्हायचं. आमचा मजकूर निवडला गेला. 'संपादन आणि अनुवाद: मैथिली' असं वर. खाली बारीक अक्षरात 'निवेदन: एक ऊसतोड महिला'. माझे आभार मानले होते. साहाय्याबद्दल.

मायला आनंद होईल म्हणून एका रविवारी सकाळी मी फोन लावला. तिकडं दुपार होती. ती कारखान्यावरून परतून आठच दिवस झाले होते. म्हणाले, "माय, तुझं छापून येणार हाय. ऐक." आणि मी तिला सगळं वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर म्हणाली,

"लई चांगलं हाय. कोन बाई हाय ही?"

मला कळेना.

"शिकलेली दिसती," माय म्हणाली. "तिला बी काडावी लागली का गं?"

"माय, ही तूच हायस."



"मी कावून काडून घिऊ?" ती म्हणाली. हळू म्हणाली. "मी न्हाई काडून घेतली, बाई. माजी काडून घेतली."

मी तिथंच पलंगावर बसले.

दोन वर्षं साहित्य शिकत होते. मोठमोठ्या विद्वानांचे सिद्धांत पाठ होते. आणि 'मी काढून घेतली' आणि 'माझी काढून घेतली' यातला फरक मला माझ्या अंगठा लावणाऱ्या मायनं सांगितला. एका वाक्यात मायला गुन्हेगार केलं होतं. डॉक्टर सुटला. मुकादम सुटला. आणि शेजारी बसून मान हलवणारी मी होते.

"मी असं म्हनले असंल तं परत घे," माय म्हणाली. "न्हाई तं माजं हाय तसं ऱ्हाऊ दे."

सोमवारी मी मैथिलीकडं गेले. म्हणाले, मूळ मजकूर छापायचा. ती म्हणाली, "आता? पुस्तिका छपाईला गेली. आणि अगं, मूळ मजकूर कोणाला कळणार आहे? मी तुझ्या आईला आवाज देतेय." मी बाईंकडं गेले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, सहकाऱ्याच्या कष्टांबद्दल थोडी कृतज्ञता असावी. वाचनाच्या वेळी तू पार्श्वभूमी सांग, लोकांना ऊसतोडीबद्दल ऐकायला आवडेल.

म्हणजे मैथिली वाचणार आणि मी कोयता कसा असतो ते सांगणार.

वाचनाच्या संध्याकाळी सभागृहात पन्नासेक माणसं होती. मैथिलीनं छान वाचलं. टाळ्या झाल्या. मग बाईंनी माझं नाव घेतलं, माइक माझ्याकडं आला. मी म्हणाले, "मी पार्श्वभूमी सांगणार नाही. आत्ता वाचलं ते माझ्या आईचं नाही. तिनं ते ऐकलंय आणि ओळखलेलं नाही. तिचं नाव चंद्रकला. तिचं बोलणं हे असं आहे."

आणि मी वाचलं. पानी, मानूस, पिसवी, डाक्टर, सगळं. एक अक्षर सरळ केलं नाही. वर्गातल्या त्या चार ओळी सोडल्या तर पाचवीपासून पहिल्यांदा मी चारचौघांत मोठ्यानं 'न' म्हणाले. मग इंग्रजीत सांगितलं: आमच्या भाषेत एकाच क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. एक, मी करवून घेतलं. दुसरा, माझ्याकडून हिसकावलं. पुस्तिकेत पहिला छापलाय. झालं ते दुसरं.

टाळ्या नाही झाल्या. कुणीतरी खुर्ची सरकवली. बाईंनी पुढचं नाव घेतलं.

बाहेर मैथिली रडत होती. "सगळ्यांसमोर अपमान केलास माझा," ती मराठीत म्हणाली. "मी तुझं भलंच करत होते ना?"

"करत असशील," मी म्हणाले. "पण तू तिला इचारलं न्हाईस. डाक्टर-मुकादमानं बी इचारलं नव्हतं."

तिचा कोट मी दुसऱ्या दिवशी घडी घालून परत दिला.

पुस्तिकेच्या पुढच्या छपाईतून तो मजकूर काढला गेला. बाईंनी माझ्या प्रबंधाचं मार्गदर्शन करायला नकार दिला. कारण 'वेगळ्या अभ्यासदिशा' असं लिहिलं. नवा मार्गदर्शक मिळेपर्यंत सरकारी शिष्यवृत्तीचे चार महिने गेले. सरकारकडून दोनदा विचारणा आली, अभ्यास का रखडला. मी दोन्ही वेळा खरं कारण लिहिलं. त्याला उत्तर आलं नाही.

सुट्टीत गावी गेले. मायच्या ऊसतोड टोळीतल्या सहा बायकांशी बोलले. सहापैकी चौघींची पिसवी न्हाई. प्रत्येकीला आधी विचारलं, सांगायचं का, नाव घालायचं का. दोघी नको म्हणाल्या, त्यांचं लिहिलं नाही. बाकीच्यांचं त्यांनाच वाचून दाखवलं. जिथं त्या म्हणाल्या, "असं न्हाई म्हनले मी," तिथं खोडलं.

प्रबंध आता लिहिते आहे. त्यात माय मराठीत बोलते, तिच्या मराठीत, पानाच्या वरच्या भागात, मोठ्या अक्षरात. इंग्रजी खाली आहे. मुकादम आहे. डॉक्टर आहे. नवे मार्गदर्शक परवा म्हणाले, परीक्षक शुद्धलेखनावर बोट ठेवतील, एखादी तळटीप टाकून माफी मागून घे.

मी तळटीप टाकणार नाही. नापास करायचं तर करा. मी परत लिहीन, आणि परतही हेच लिहीन.